जाखमातेच्या साडेअकरा फेऱ्या

जांभुळटेप गाव एवढंसं. कशेळ्याच्या नाक्यावर जीपमध्ये बसलं, की एक माणूस उतरेस्तोवर गाव येतं आणि दुसरा चढेस्तोवर संपतं. पण चैत्रात जाखमातेची जत्रा आली, की या एवढ्याशा गावात मान बघा किती! पालखीचा पुढचा दांडा एका घराचा, मागचा दुसऱ्या घराचा. मानाची काठी तिसऱ्या घराची. पहिली ओटी सुंदराआजीची. अहो, पालखीच्या वाटेतली गुरं हाकायचासुद्धा मान एका घराला हाय. गावात आता गुरं उरलीत चार, ती पण गोठ्यात बांधलेली. तरी तो गडी दर साली फेटा बांधून मोकळ्या रस्त्यावर "हैक, हैक" करत पुढं चालतो. मान तो मान.

मनोजच्या घराला मान नव्हता. म्हणजे होता, पण गेला. त्याचा आजा आणि बाप पालखीपुढं दिवटी धरायचे. मग गावात लाईट आली, रस्त्याला ट्यूबा लागल्या, आणि एका साली दिवटी पेटवायला कुणी सांगितलंच नाय. बाप फेटा बांधून देवळापाशी उभा राहिला. पालखी निघून गेली. बाप तसाच फेट्यासकट घरी आला आणि जेवायला बसला. मनोज तेव्हा सहा वर्षांचा होता. भात कालवताना बापाच्या फेट्याचं टोक वरणात पडलं आणि बापानं ते उचललं नाय, एवढं त्याला लक्षात होतं.

मोठा झाल्यावर मनोजनं लग्नाच्या शूटिंगचा धंदा धरला. आधी खांद्यावरचा कॅमेरा, मग हातातला, मग ड्रोन. जत्रेचं शूटिंग बावीस सालं त्यानंच केलं. तोंड देवीकडं आणि पाऊल मागं, असा बावीस सालं उलटा चालला. दोनदा गटारात गेला, एकदा शेणात बसला, पण कॅमेरा हलू दिला नाय. मनात त्यानं धरूनच ठेवलेलं, दिवटी गेली तर गेली, कॅमेरा आला. मान परत घरात आला.

त्याचा ड्रोन म्हणजे कर्जतच्या एका स्टुडिओनं कंटाळून विकलेला माल. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी गेलं आणि वरच्या सॅटेलाईटशी त्याचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. एक पाय मोडलेला, तो तारेनं बांधलेला. आपोआप फिरायची, माणसामागं जायची, घरी परत यायची, सगळी बटणं मेली. उरल्या फक्त रिमोटच्या दोन कांड्या. मनोज भातकापणी झाल्यावर रिकाम्या खाचरात रोज सकाळी जायचा आणि त्या दोन कांड्यांवर अंगठे ठेवून शिकायचा. चार महिने शिकला. शेवटी शेवटी तो बांधावरच्या बगळ्याच्या मागनं ड्रोन न्यायचा आणि बगळा मान वळवून बघायचा, पण उडायचा नाय.

त्याची बायको छाया म्हणायची, "एवढी नजर माझ्यावर ठेवली असती, तर मी पण उडाली असती."

तर यंदा झालं काय, जत्रेच्या आधी कमिटी बसली आणि अध्यक्ष राजेशनं मोबाईल सगळ्यांच्या नाकापुढं फिरवला. कर्जतच्या यज्ञेशनं खालापूरकडच्या एका फार्महाऊसवरच्या लग्नाचा व्हिडिओ केलेला. नवरानवरी मध्ये, ड्रोन भोवती गोल गोल. एक झटका नाय, एक हिसका नाय.

"ऑटोमॅटिक हाय," राजेश म्हणाला. "बोटानं चौकोन काढायचा, बटण दाबायचं. तो स्वतःच फिरतो. यंदा हाच आणायचा."

मनोज म्हणाला, "आणि मी?"

"तू आराम कर की रं मन्या. बावीस सालं दमलास."

"दमायचा काय संबंध? माझा मान हाय तो."

कमिटी हसली. वाईट नाय हसली, पण हसली. राजेश म्हणाला, "मान दांड्याचा, काठीचा, ढोलाचा. शूटिंगचा मान कंच्या पोथीत लिवलाय? तुला बोलावतो, तू येतो, पैसे घेतो. त्याला धंदा म्हणतात."

कोपऱ्यात आबाजी गुरव बसलेले, देवीचे पुजारी, वय ऐंशीच्या पुढं. मनोजनं त्यांच्याकडं बघितलं. आबाजींनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि तोंड बंद केलं. झालं.

घरी येऊन तो छायाला म्हणाला, "यंदा आपण मटण आणायचं. पालखीच्या दिवशीच."

"पालखीच्या दिवशी?"

"मानकऱ्यांना पालखी देवळात परत जाईस्तोवर वशाट चालत नाय. आपण कुठं मानकरी? आपण खायचं. ओटीवर बसून, सगळ्यांना वास जाईल असं."

छायानं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं आणि मसाला भाजायला घेतला.

मनोजचं घर पाराला लागून. पार म्हणजे गावाच्या मधोमध जुना जांभूळ, त्याला दगडाचा ओटा. दर साली पालखी देवळातनं निघते, आधी पारापुढच्या खळ्यात नाचते, मग पाराला टेकते. तिथं सुंदराआजी पहिली ओटी भरतात. ती ओटी भरल्याशिवाय पालखी गावात फिरायला निघत नाय.

जत्रेच्या दिवशी ऊन जरा कलल्यावर ढोल वाजायला लागला. मनोज आपल्या ओटीवर बसलेला. आत मटण रटरटत होतं. पालखी खळ्यात आली, नाचायला लागली, आणि यज्ञेश आला. पोरगा गुणी होता, तसं नाय म्हणता येणार. इस्त्रीचा कुडता, पायात पांढरे बूट. मनोजला बघून म्हणाला, "काका, नमस्कार! तुमचं नाव खूप ऐकलंय."

"हां," मनोज म्हणाला.

यज्ञेशनं ड्रोन वर सोडला. स्क्रीनवर बोटानं पालखीभोवती चौकोन काढला, बटण दाबलं, आणि रिमोट पोटावर लोंबकळत सोडून कोकम सरबताचा ग्लास हातात घेतला. दोन्ही हात रिकामे! ड्रोन आपला पालखीभोवती फिरतोय, गडी सरबत पितोय.

पहिली फेरी अर्धी झाली आणि मनोजच्या लक्षात आलं.

तो हसला. गालातल्या गालात. त्याला वाटलं सांगावं. मग कमिटीचं हसणं आठवलं. मग वाटलं, आपल्याला काय, आपण कुठं मानकरी? तो पाय हलवत बसला. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. छाया दारात येऊन उभी राहिली, तिनं आधी ड्रोनकडं बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडं, आणि आत गेली.

पालखी नाचून पाराला टेकली. काठीवाले अजून खळ्यातच डुलत होते. काठी म्हणजे चाळीस फुटी कळकाचा बांबू, वरपासून खालपर्यंत रंगीत फडकी, शेंड्याला मोरपिसांचा झुबका. एका गड्याच्या कमरेच्या पट्ट्यात ती उभी असते आणि ढोलावर डुलते. सुंदराआजी ओटीचं ताट घेऊन पुढं झाल्या. तांदूळ मुठीत घेतले. आणि आवाज कुठनं येतोय म्हणून वर बघितलं.

"हे काय फिरतंय रं?"

"ड्रोन हाय आजी," राजेश म्हणाला. "देवीला प्रदक्षिणा घालतोय. बघा कसा छान!"

आजींनी मूठ तशीच धरून एक फेरी बघितली. मग तांदूळ परत ताटात टाकले.

"राज्या, तुझ्या डोळ्यात काय पडलंय का रं? उलटा फिरतोय तो."

ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला.

"उलट्या फेऱ्या कुणाभवती घालतात?" आजींचा आवाज चढला. "सांग की! तुझ्या आज्याला नेला तेव्हा मडकं घेऊन कसा फिरलास?"

पारावरची सगळी माणसं एकदम बोलायला लागली. एक म्हणाला, उलटी कशी, त्याचं तोंड देवीकडं हाय, तो आडवा चालतोय, मग त्याचा उजवा हात कंचा? दुसरा म्हणाला, त्याला हातच नाय. तिसऱ्यानं मनगटावरचं घड्याळ काढून जमिनीवर ठेवलं आणि चार डोकी त्यावर वाकली. घड्याळ बंद होतं.

यज्ञेश घाबरला. "अहो, ते बाय डिफॉल्ट तसंच फिरतं... म्हणजे कंपनीनंच तसं ठेवलंय. मला माहीत नव्हतं असं काही असतं."

"कंपनीला जाखमाता माहीत नाय," आबाजी गुरव म्हणाले. "तुला पण नाय. राजेशला माहीत हाय."

राजेशनं नारळाच्या ढिगाकडं बघितलं.

"आता?" तो म्हणाला.

"जेवढ्या उलट्या, तेवढ्या सुलट्या. ज्यानं घातल्या त्याच जातीच्या यंत्रानं. तोवर पालखी हलायची नाय."

"आणि मी ओटी भरायची नाय," सुंदराआजी म्हणाल्या आणि ताट मांडीवर घेऊन पारावर बसल्या.

पण घातल्या किती? ड्रोन खाली उतरवला, तोवर काठीवाले येऊन देवीच्या उजव्या अंगाला उभे राहिले, आणि कमिटी यज्ञेशच्या स्क्रीनला चिकटली. खळ्याच्या कडेला एका घराच्या छपरावर निळी ताडपत्री होती, ती दिसली की एक फेरी धरायची असं ठरलं. "एक... दोन... तीन..." सगळे एका सुरात मोजत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे. सातावर एकाला शिंक आली आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अकरा भरल्या.

यज्ञेश म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका. दिशा बदलता येते." त्यानं बाण उलटा केला, चौकोन काढला, ड्रोन सोडला. ड्रोन सुलटा निघाला. माणसांनी हात जोडले. अर्धी फेरी छान झाली आणि पुढं आली काठी. एका बाजूला डुलणारी काठी, दुसऱ्या बाजूला जांभळाची फांदी, मध्ये दोन हात जागा. यंत्र थबकलं आणि टीं टीं ओरडायला लागलं.

"अडथळा दाखवतोय. वरून नेऊ का? काठीच्या वरून?"

"काठीच्या शेंड्यावरनं?" आबाजी उभेच राहिले. "या गावात काठीच्या वर फक्त आभाळ असतं."

"मग काठी थोडी बाजूला..."

काठीवाला नुसता बघत राहिला. काठी हलते ती पालखी हलल्यावर. ते त्याला सांगायची पण गरज वाटली नाय.

"मग लांबून मोठा गोल?"

"ती देवीची प्रदक्षिणा नाय, गावाची हद्द मोजणी झाली," आजी म्हणाल्या.

एवढ्यात ड्रोनची बॅटरी उतरली. यंत्र शहाणं. बॅटरी उतरली, की आल्या वाटेनं आपोआप घरी परत. ते गर्रकन फिरलं आणि देवीभोवतीची तीच अर्धी फेरी उलटी घालून यज्ञेशच्या पांढऱ्या बुटांपुढं येऊन बसलं.

"साडेअकरा!" कुणीतरी मागनं ओरडलं.

सुंदराआजींनी कपाळावर हात मारला. दांडेकऱ्यांचे खांदे लाल झालेले. पालखी टेकवलेली असली तरी दांडा सोडायचा नसतो, ही पण एक रीत. पुढचा दांडेकरी म्हणाला, "पालखी जड झाली. देवी रागावली." मागचा म्हणाला, "देवीचं मला माहीत नाय, मी रागावलोय."

राजेश मनोजच्या ओटीपाशी आला. खाली उभा राहिला, वर चढला नाय.

"मन्या."

"बोला अध्यक्ष."

"तुझा तो... हाताचा. चालू हाय का?"

"चालू हाय. पण मी कोण? मी धंदेवाला. मटण शिजतंय माझं. बस, वाढतो."

राजेश मान खाली घालून उभा राहिला. मनोजला वाटलं होतं, या घटकेला लय मजा येईल. बावीस सालांची मजा एकदम. पण मजा येईना. पारावर बसलेल्या आजी दिसत होत्या, मांडीवर ताट, ताटात तांदूळ.

छाया ड्रोनची पेटी घेऊन बाहेर आली. ती त्याच्या पुढ्यात ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "पहिल्याच फेरीला तुमी हसलात. मी बघितलं."

मनोजच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तेव्हाच बोलला असता, तर देवी उन्हात बसली नसती. उठा."

तो उठला. चपला काढून अनवाणी पाराकडं गेला. आबाजींच्या पुढ्यात पेटी ठेवली आणि म्हणाला, "आबा, मला पहिल्यालाच दिसलं व्हतं. मी बोललो नाय."

आबाजींनी त्याच्याकडं बघितलं. "माझं पण तसंच," ते म्हणाले. "कमिटीत मला बोलायचं व्हतं. तोंडात तंबाखू व्हती. चल, उडव."

मोडका पाय तारेनं बांधलेला ड्रोन वर गेला. यज्ञेश जवळ येऊन बघत होता. "काका, यात सेन्सर एकही चालू नाही?"

"एक हाय," मनोज म्हणाला. "छाया. ती ओरडली की मी थांबतो."

त्यानं ढोलवाल्याकडं बघितलं. "वाजव. नेहमीचा ठेका. काठीवाल्या, तू डुल. उगाच सांभाळून उभा राहू नको, नेहमीसारखा डुल."

ढोल सुरू झाला. काठी डाव्या अंगाला झुकली, परत आली, उजव्या अंगाला झुकली. बावीस सालं मनोज हा ठेका पाठीमागच्या गटारासकट ओळखत होता. देवी उजव्या हाताला ठेवून त्यानं ड्रोन काढला, जांभळापाशी आणला, काठी पलीकडं झुकेस्तोवर दम धरला, आणि काठी झुकल्याबरोबर दोन अंगठे एवढेसे हलवले. ड्रोन फांदी आणि फडक्यांच्या मधनं असा सरकला, जशी गर्दीतनं मांजर.

"एक!" अख्खा पार ओरडला.

दुसरीला फडक्याचं टोक पात्याला लागता लागता राहिलं. तिसरीपासून हात बसला. पाचवीला पोरं नाचायला लागली. सातव्या फेरीला कुणाला शिंक आली नाय, आणि आली असती तरी ती त्यानं गिळली असती. फिरताना ड्रोन सरळ गोल फिरत नव्हता हे खरं. काठी झुकली की तो थांबायचा, ढोल चढला की पळायचा, देवीच्या तोंडापुढं आला की उगाच जरा रेंगाळायचा. पालखी नाचते ना, तसाच तो पण नाचत होता.

अकरावी झाली. आता अर्धी. मनोजनं अर्धी घातली आणि ड्रोन देवीच्या पाठीमागं उभा राहिला. आता? पाठीमागनं उतरायचं कसं? परत फिरावं तर पुन्हा उलटी. कमिटीत कुजबुज सुरू झाली, साडेअकरा म्हणजे साडेअकरा, जास्ती घातली तर चालते का.

"अरे, देवाला अर्धी काय घालता, भजी हाय का?" सुंदराआजी खेकसल्या. "बारा घाल रं बाबा!"

बारावी पुरी झाली आणि बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला. मोडक्या पायावर दगडात उतरता येईना. छायानं पदर खोचला, दोन्ही हात वर केले, आणि ड्रोन तिच्या ओंजळीत येऊन बसला. आजींनी देवीची ओटी भरली. मग वळून मूठभर तांदूळ ड्रोनवर पण टाकले. दोन दाणे पंख्यात अडकले, ते मनोजनं काढलेच नाय.

आबाजींनी नारळ उचलला, मनोजच्या हातात दिला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या सालापासून पालखी निघायच्या आदी पहिली प्रदक्षिणा याची. हाताची. हे मानात धरा."

काठीवाल्यानं खांद्यावरचा जादा फेटा काढून मनोजच्या डोक्याला बांधला. मनोज म्हणाला, "फेट्याचं टोक आवळून बांध रं. वरणात पडतं."

यज्ञेश म्हणाला, "काका, मला शिकवाल?"

"उद्या सकाळी खाचरात ये. पांढरे बूट नको. आणि पहिलं बगळे ओळखायला शीक."

राजेश आनंदात पुढं आला, पाठीवर थाप मारली. "चला, लय चांगलं झालं! आणि मानकऱ्याला बिदागी नसते, माहीत हाय ना तुला? फक्त नारळ. म्हणजे कमिटीचे शूटिंगचे पैसे पण वाचले!"

मनोज हातातल्या नारळाकडं बघत राहिला. बावीस सालं मनात धरलेला मान एवढासा होता, पण होता. आणि बॅटरी? बॅटरी मानकऱ्याचीच.

पालखी रात्रभर गावात फिरणार, सकाळी देवळात जाणार. मनोज दिवे लागायच्या वेळी जेवायला घरी आला. घरभर मटणाचा वास. जत्रेला आलेले पाहुणे पंगतीत बसून ओरपत होते. मेव्हण्याच्या ताटात नळी होती. मनोज फेटा न काढता पाटावर बसला, बाह्या सरसावल्या.

छायानं त्याच्यापुढं ताट ठेवलं. पांढरा भात, पिवळं वरण, लिंबाची फोड.

"हे काय गं?"

"मानकरी ना तुमी?" छाया म्हणाली आणि मेव्हण्याला रस्सा वाढायला गेली.

मनोजनं भातावर वरण घेतलं. फेट्याचं टोक सुटून खाली आलं, ते त्यानं डाव्या हातानं उचलून नीट खांद्यावर टाकलं, आणि कालवायला लागला.